सोडून जायचं तर लयीत जा

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (गिटार गळ्यात असल्यामुळे उभ्यानेच). तुझ्या दाढेचं काय झालं? उपटलीस, की अजून तिला सुधारायची संधी देते आहेस? आम्ही सगळे ठीक. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे.

तुझ्या कानावर काहीबाही आलंच असेल, म्हणून खरं काय ते सांगते. आमचा ड्रमवाला तुला आठवत असेल (तोच, दिवसा फ्रिज दुरुस्त करणारा). त्याने मला लग्नाचं विचारलं. माणूस सोन्यासारखा आहे, पण मला कुणाचंच व्हायचं नाही. नुसतं 'नाही' म्हणणं तत्त्वाला धरून वाटेना (घरातली पहिली पदवीधर, सविस्तर उत्तरं लिहायची सवय), म्हणून मी नकाराचं गाणं केलं. चांगलं दणदणीत रॉक. 'घर तुझं, दार तुझं, वाट मात्र माझी!' अडचण एकच. आमचा बँड म्हणजे मी आणि तो, आणि तालमीची जागा म्हणजे त्याचं दुकान. तेव्हा पोट उघडून ठेवलेल्या फ्रिजांमध्ये उभी राहून मी त्याला नकार देत होते आणि तो नकाराला ठेका देत होता. गाणं संपल्यावर मी डोळे गच्च मिटून घेतले. तो म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात घाई करतेस. सोडून जायचं तर लयीत जा." पुढे महिनाभर त्याने माझ्याकडून स्वतःला नाकारून घेतलं, तेही रोज जास्त सुरात.

कार्यक्रमाला बाबा पहिल्या रांगेत. शेजारी ड्रमवाल्याची आई, कारण दोघांनी परस्पर सगळं ठरवलंच होतं (मला विचारायचं तेवढं राहिलं होतं). शेवटच्या ओळीला मी ताठ मानेने चालत दाराबाहेर जायचं, असं माझं मीच बसवलं होतं. निघाले. जरा पुढे गेले तोच गिटारची वायर संपली आणि मी दावणीच्या गाईसारखी मागे खेचली गेले. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. 'वन्स मोअर'चा एकच गिल्ला! मावशी, मी गिटार खाली ठेवली, गाणं पहिल्यापासून नुसत्या ड्रमवर म्हटलं आणि या वेळी खरोखर दार गाठलं. वळून पाहते तर त्याची आई उभी. म्हटलं, आता चप्पल येणार. ती टाळ्या वाजवत होती! ("मला वेळेवर सुचलं असतं तर!" असं ती बाबांना म्हणाली म्हणे.) "मावशीवर गेलीस," हे बाबांचं शेवटचं वाक्य. मी त्यांचे आभार मानले.

तुझी (आणि सध्या फक्त तुझीच)
भाची

ता. क. : तुझ्याच शहरात मला नोकरी लागली आहे. वरची खोली रिकामी करून ठेव. किल्ली एकच हवी.

आणखी एक : सामान ड्रमवाला टेम्पोने आणून देईल. त्याला चहा दे, पण काही विचारू नकोस. त्याने मला नवी वायर करून दिली आहे. थेट रस्त्यापर्यंत पोहोचते.

शेवटचं : खोलीत ड्रम मावतील का, तेवढं बघून कळव. (गैरसमज नको. नकार कायम आहे. फक्त तो ठेक्याशिवाय म्हणता येत नाही.)