गोरखची फुंकणी आणि ताईची घरघंटी

बोरी बुद्रुक

तीर्थरूप दाजींस,

गोरखचा दंडवत. ताईचे गुडघे, तुमची शुगर आणि म्हशीचं दूध ही तिन्ही जागेवर असोत, एवढंच ओझरच्या विघ्नहराकडे मागणं. फोन केला असता, पण एवढं बोलायला दम पुरत नाही, म्हणून लिहितोय.

तर दाजी, डॉक्टरांना शंका अशी, की गिरणीतलं पीठच माझ्या छातीत बसतंय. त्यांनी एक फुंकणी दिली (चुलीची नव्हे, प्लास्टिकची, जोरात फुंकलं की काटा सरकतो). दिवसातून चारदा फुंकायचं आणि आकडा मांडून ठेवायचा. पंधरा दिवस गिरणीवर, पंधरा दिवस गिरणीपासून लांब. गिरणीवर आकडा पडला आणि लांब गेल्यावर चढला, की गिरणी सोडायची. आजोबांनी बसवलेली गिरणी हो!

पण गावाला माझी दया आली. "गोरखभाऊला लई धाप लागती" म्हणत बायांनी मिरच्या कांडायला आणणंच बंद केलं. दळणं आमच्या आरतीनं घ्यायची आणि मी बाहेर लिंबाखाली खुर्चीत. पंधरा दिवस नुसता फुंकत बसलो. आकडा चढताच! मग विश्रांतीला तुमच्या आणे गावाला आलो. म्हटलं, पठारावरची हवा. तर ताईनं पहिल्याच दिवशी घरघंटी पुढ्यात ठेवली (म्हणे, पीठ जाडं पडतंय, आलाच आहेस तर बघ). ती नीट झाल्याची बातमी आळीत गेली, म्हणजे ताईनंच नेली. मग शेजारच्या भिमाबाईंची बाजरी, त्यांच्या जावेचं बेसन, वर कुणाच्या तरी लग्नाची हळद. पाव्हण्याला नाही म्हणता येतं का? काटा जागचा हलेना.

डॉक्टरांनी कागद बघितला, उलटा धरून बघितला आणि म्हणाले, तुम्हाला गिरणी मानवते, सुटी बाधते.

आपला,
गोरख

ता. क. डॉक्टर तुम्हाला फोन करणार आहेत. घरघंटीचं नाव काढू नका. पाव्हणा जेवला आणि झोपला, एवढंच सांगा. तेवढ्यावर गिरणी वाचेल.

आणखी एक ता. क. दाजी, मी आरती. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, मी वाचलं. डॉक्टरांना सगळं सांगून आले. यांना सोमवारी परत तुमच्याकडे धाडतेय. घरघंटी भिमाबाईंकडे ठेवा आणि भिमाबाईंना यांच्यापासून लांब ठेवा. हे जिन्यात मधेच थांबतात ना, तेव्हा माझाच जीव अडकतो हो. गिरणीचं मी बघते. पंधरा दिवस यांना तेवढं सांभाळा.