गवत न उगवणाऱ्या जागेसह

मी, वय वर्षे एकाहत्तर, महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत चौतीस वर्षे सहायक म्हणून काम करून निवृत्त झालेली, सध्या एकटी राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी भीती घातलेली नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. डोके ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य पुढे कोणाला तरी सिद्ध करावे लागणार आहे, म्हणून त्याखाली रेघ मारली आहे.

मृत्युपत्र घरीच केले आहे. न्हाणीघराच्या फरश्या मी बसवल्या, छताची गळती मी काढली, पुस्तकांचे कपाट मी केले (त्याचे डावे दार किंचित उचलून लावावे), मग एवढ्या कागदासाठी दुसऱ्याला कशाला बोलवायचे? वकिलांकडून फक्त नियम विचारून घेतले. प्रयोगशाळेत आमची एक शिस्त होती: नोंदवहीत खोडरबर चालत नाही. चुकलेले एका रेघेने कापायचे, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला सही करायची. हा कागद त्याच शिस्तीने पाच दिवसांत लिहिला आहे. जिथे मत बदलले तिथे ते बदललेले दिसेल. त्याची मला लाज नाही.

कलम १. माझे राहते घर, त्यातील सर्व सामान आणि मागची हिरवळ, गवत न उगवणाऱ्या दीड हात जागेसह, माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावी. ती लिफ्ट दुरुस्तीचे काम करते. तिला आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, हा आमच्या घराण्याचा एकच गुण तिच्याकडे पूर्ण उतरला आहे. दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "मावशी, टकलावर काही उगवलं का?" माझ्या तब्येतीची चौकशी ती नंतर करते, आणि मला तो क्रम आवडतो.

अट एकच. हिरवळीवर फरशी, डांबर, काँक्रीट घालू नये. गवत नको असेल तर कांदे लावावेत, पण जमीन श्वास घेत राहिली पाहिजे.

कलम २. बँकेतील ठेव माझ्या पुतण्याला, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या भावाच्या मुलाला मिळावी. मृत्युपत्र केले नाही तर कायद्याने घरसुद्धा त्याच्याकडे जाते, कारण आम्हाला मूलबाळ नाही. तो वाईट नाही. माझी औषधे वेळेवर आणून देतो. पण गेल्या खेपेला त्याने हिरवळ पावलांनी मोजली आणि म्हणाला, "काकू, इथे फरशी टाकली ना, की दोन गाड्या आरामात लागतील. गवत कापत बसायचं वय आहे का तुमचं?" मी चहा गाळत होते. नंतर फाटकापाशी तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, "काकूंचं डोकं चाललेलं नाही हल्ली. टकल्या जमिनीची डायरी लिहितात." माझे कान गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत.

म्हणजे तो कोर्टात जाणार. आणि तो जिंकला तर महिन्याभरात त्या गवतावर गाड्या उभ्या राहणार. मला मरणाची फारशी धास्ती वाटत नाही, पण याची वाटते.

कलम ३. हत्यारे. नळदुरुस्ती करणाऱ्याला मोठा पाना. तो दर वेळी "बाई, हा पाना विकायचा का?" विचारतो आणि मी दर वेळी नाही म्हणते. डॉक्टरांना ॲल्युमिनियमची शिडी. तिच्यावरून पडून माझे मनगट मोडले तेव्हा प्लास्टर घालताना ते म्हणाले होते, "आता ही शिडी मला देऊन टाका, म्हणजे मी सुटलो." देत आहे. वकिलांना टेबलावरचा दिवा. त्याचे बटण उलटे बसले आहे, खाली केल्यावर लागतो. हार्डवेअरच्या दुकानदाराला चुकीच्या मापाच्या स्क्रूंचा डबा, साधारण तीन किलो. ~~हे कलम कायम.~~ कलम ७ पाहावे. सही

ड्रिल, करवत, थाप्या आणि गवत कापायचे मशीन भाचीला. मशीनचे पाते मी दर दोन महिन्यांनी स्वतः घासते. बोथट पात्याने गवत कापले जात नाही, फाटते, आणि टोके पिवळी पडतात. हे तिने विसरू नये. गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन दिवसांआड भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. रोज पाणी दिले की मुळे आळशी होतात.

कलम ४. प्रयोगवही. कोपऱ्यातल्या दीड हात जागेवर अकरा वर्षांत मी तेवीस प्रयोग केले. बियाणे बदलले. सावली केली, सावली काढली. वीतभर खोल माती काढून नवी भरली. त्यावर गवत सुंदर आले, मी नाचायचीच बाकी होते, आणि तीन महिन्यांनी सगळे पिवळे. मुंग्या मोजल्या. गांडुळे सोडली; ती रात्रीतून माझ्यावर रुसल्यासारखी शेजारच्या वाफ्यात निघून गेली. लिटमस कागद लावला तो निळा झाला, म्हणजे तिथे अल्क आहे. दुसऱ्या कोपऱ्यातली माती लावली, कागद निळा झाला नाही. हे अल्क येते कुठून, एवढा एकच प्रश्न माझ्या आयुष्यात सुटायचा राहिला आहे. वही भाचीने पुढे चालवावी. मी उत्तर न कळता गेले तर मला खरेच वाईट वाटेल.

कलम ५. शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर यांना काहीही देऊ नये. सुतळीचा तुकडासुद्धा नाही. त्यांची हिरवळ आणि माझी यांच्यामध्ये भिंत नाही, विटांची एक ओळ आहे, आणि त्या ओळीलगत त्यांचा नळ आहे. त्यावर ते ब्रश, डबे आणि देव जाणे काय काय धुतात. ~~धुण्याच्या सोड्याचे पाणी उताराने माझ्या कोपऱ्यात येते, असा माझा निष्कर्ष आहे.~~ सही नऊ वर्षांपूर्वी मी तो निळा कागद गल्लीतल्या सगळ्यांसमोर त्यांना दाखवला. ते एक शब्द बोलले नाहीत, आत निघून गेले. ~~निर्दोष माणूस गप्प बसतो का?~~ सही तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

कलम ६. साक्षीदार. इथे माझ्या नाकी नऊ आले. वकील म्हणाले, "बाई, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नका. आणि रस्त्यावरचा कोणी धरून आणू नका. उद्या कोर्टात उभं राहून 'मी यांना ओळखतो, यांचं डोकं शाबूत होतं' असं सांगणारा पाहिजे." मी यादी काढली. मला नीट ओळखणाऱ्या प्रत्येकाला मी काही ना काही ठेवले होते. वकिलांनासुद्धा. ते दिवा सोडायला तयार होते, पण म्हणाले, सल्ला देणाऱ्यानेच साक्ष द्यायची हे पुतण्याच्या वकिलाला आयते सापडेल. डॉक्टर पुढच्या महिन्यात मुलाकडे कायमचे राहायला चालले आहेत; शिडी मागून पाठवावी लागेल. नळवाल्याला मी म्हटले, "पाना सोड, सही कर." तो जरा वेळ विचार करून म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी जीव देईन, पण पाना नाही सोडणार."

कलम ७. हार्डवेअरच्या दुकानदाराने मात्र ऐकताक्षणी होकार दिला. "ते स्क्रू मीच विकलेत तुम्हाला. परत घेऊन काय करू?" म्हणून कलम ३ मधील स्क्रूंचा डबा त्यांच्याकडून काढून भाचीला देत आहे. त्यांना आता काहीही मिळत नाही आणि ते खूश आहेत. पहिला साक्षीदार झाला.

दुसऱ्यासाठी वकिलांनीच विचारले, "असं कोणी नाही का, जो तुम्हाला रोज बघतो, आणि ज्याला तुम्ही काहीच दिलेलं नाही?" मी यादी पुन्हा वर-खाली बघितली. "शिवाय तुमचं त्याच्याशी वाकडं असेल तर फारच उत्तम. भांडलेला माणूस चांगलं बोलला की कोर्टाला पटतं." ते हे सहज बोलून गेले. मी कलम ५ काढून पुन्हा वाचले.

कलम ८. हे कलम नाही, नोंद आहे. पण घडले ते इथेच लिहिणे योग्य. आज सकाळी मी विटांच्या ओळीपाशी जाऊन उभी राहिले. मास्तर नळावर ब्रश धूत होते. नऊ वर्षांनी पहिला शब्द काढायचा म्हणजे घसा साफ करावा लागतो. मी तो केला.

"मास्तर, एक सही हवी होती."

"कशावर?"

"माझ्या मृत्युपत्रावर. साक्षीदार म्हणून."

त्यांनी मान वर केली नाही. "मला काय ठेवलंय त्यात?"

"काही नाही."

"मग चालेल," ते म्हणाले, आणि हात पुसले. "पण वाचल्याशिवाय मी सही करत नाही. शाळेत निकालावरही करायचो नाही."

साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, हे मला माहीत होते. तरी दिला. ते हिरवळीवरच्या माझ्या खुर्चीत बसून वाचत होते आणि मी शिक्षा झालेल्या मुलीसारखी समोर उभी. पुतण्यापाशी ते हसले. कलम ५ ला हसले नाहीत. मग पाने उलटून परत कलम ४ वर आले आणि बोट ठेवून म्हणाले, "बाई, यात पहिला प्रयोग राहिलाय."

"कुठला?"

"न्हाणीघराच्या फरश्या बसवल्यात, तेव्हा उरलेला माल कुठे ओतलात?"

"शेडच्या मागे. घमेलंभर उरला होता."

"आणि शेड कुठे होती?"

शेड म्हणजे मिस्टरांची सायकलची शेड. ती मीच सोडवली, पत्रे विकले, वर माती पसरली आणि हिरवळ लावली. 'शेडच्या मागे' ही जागा माझ्या डोक्यात होती, पण शेडच नाही म्हटल्यावर तिची मागची बाजू कुठून राहणार? मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून शेडपर्यंतची जुनी पावले मोजत परत आले. जिथे थांबले तिथे गवत नव्हते.

सिमेंटने लिटमस निळा होतो. हे मी चौतीस वर्षे मुलांना करून दाखवले आहे.

"तुम्ही बघितलं होतंत?"

"खिडकीतून. माल भरपूर होता, आणि तुम्ही घाईत होतात."

"मग नऊ वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कागद नाचवलात." त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "पहिलं वर्ष रागात गेलं. मग तुमचे मिस्टर गेले. तेव्हा सांगायला आलो होतो, या विटांपर्यंत. तुम्ही वही घेऊन इथे बसला होतात. महिनाभरात पहिल्यांदा घराबाहेर आला होतात. म्हटलं, आता उत्तर सांगितलं तर ही बाई उद्या कशासाठी बाहेर येईल? परत गेलो."

मला रडू आले. मातीला मी तेवीस वेळा विचारले, मुंग्यांना विचारले, आणि दहा पावलांवरच्या माणसाला विचारायचे सुचले नाही. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ती पण दहा जणांसमोर मागा," आणि हसले. मी मागणार आहे. उद्या सकाळी आम्ही दोघे तिथे खणणार आहोत. सिमेंटचा गोळा किती खोल आणि किती मोठा आहे, हे बघायला मी इतकी उतावीळ आहे की आज दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला नाही. निष्कर्ष प्रयोग क्रमांक चोवीस म्हणून लिहीन.

कलम ९. यानंतर मी कलम ५ कापायला पेन घेतले. गवत कापायचे मशीन मास्तरांना द्यावे असे माझ्या मनात होते. त्यांचे जुने पाते गवत फाडते, हे मला माझ्या बाजूने दिसते. त्यांनी पेन धरले. "मला मशीन दिलंत तर माझी साक्ष गेली. साक्ष गेली की हिरवळ गेली." मग आजच घेऊन जा म्हटले, तर म्हणाले, "म्हणजे तुमचा पुतण्या म्हणेल, मशीन घेऊन सही केली. मला काही नको." चहा तरी घ्या म्हटले. तोही सही झाल्यावर घेणार आहेत.

म्हणून कलम ५ मधील आरोप मी एका रेघेने कापत आहे. ते चूक होते, आणि चूक कोणाची होती हे वाचणाऱ्याला दिसावे. पहिली दोन वाक्ये मात्र कायम ठेवत आहे. मास्तरांना काहीही देऊ नये. सुतळीचा तुकडासुद्धा नाही. हे लिहिताना मला राग आला होता. आज ते तसेच ठेवताना फार जड जाते आहे.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक)

साक्षीदार पहिला: हार्डवेअरचा दुकानदार. मी यांना सव्वीस वर्षे ओळखतो. माप चुकले तरी भांडण कधी चुकीचे केले नाही. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही

साक्षीदार दुसरा: निवृत्त चित्रकला शिक्षक. मी यांना एकोणीस वर्षे ओळखतो. त्यांतली नऊ वर्षे आम्ही बोललो नाही, पण रोज सकाळी त्या बाहेर आल्या की नाही, हे मी खिडकीतून बघत आलो. त्यांचे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. सही

स्थळ: राहत्या घरामागची हिरवळ
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, ~~सकाळी साडेदहा~~ सहीला दुपारचे चार वाजले. सही