सहा नंबरपासून सुरुवात

सोमवार, ५ फेब्रुवारी २००१. कळमनुरी.
धम्मानंदचं पार्सल आलं. शिकागोहून. आत सहा कॅसेटी आणि एक चिठ्ठी. चॉकलेट नाही. लेकीला, राणीला, घड्याळ नाही. कॉम्प्युटरच्या नोकरीवर जाऊन दोन वर्षं झाली, पहिलं पार्सल, आणि त्यात गाणी. धाकटा भाऊ मोठ्या भावाला कारणाशिवाय गाणी पाठवत नाही.

चिठ्ठी अशी: दादा, याला इलेक्ट्रिक ब्लूज म्हणतात. मी रोज ऐकतो. नवीन माणसानं नंबरप्रमाणंच ऐकावं, एकपासून. एक नंबरचा माणूस कापसाच्या वावरातून शिकागोला आला. इथल्या गोंगाटात त्याची साधी गिटार कुणाला ऐकू जाईना म्हणून त्यानं ती विजेवर लावली. हे आधी ऐकलं की पुढचं सगळं समजतं. सहा नंबर पहिल्यांदा ऐकशील तर नुसता आवाज वाटेल.

चांगुणा म्हणाली, मंग ऐका की एकपासून. बायकांना हे कळत नाही. मी पंचायत समितीत अठरा वर्षं चौकशीच्या फाइली सांभाळतो. माणसाला जे लपवायचं असतं ते तो शेवटच्या पानावर ठेवतो. आणि वर सांगतो, शेवटचं पान आधी उघडू नका.
सहापासून सुरुवात करणार.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
प्रथमदर्शनी पाहणी. कॅसेटींवरची नावं:
१. मडी वॉटर्स. म्हणजे गढूळ पाणी. हा माणूस या नावानं कुठं सही करत असेल?
२. लिटल वॉल्टर. हा तोंडानं वाजवायचा बाजा माइकला चिकटवून वाजवतो म्हणे.
३. हाउलिन वुल्फ. ओरडणारा लांडगा.
४. एल्मोर जेम्स. एवढंच नाव सरळ. म्हणून जास्त लक्ष ठेवावं लागेल.
५. बी. बी. किंग. आद्याक्षरांचा खुलासा नाही.
६. बडी गाय. शिकागोत गाय?
सहापैकी पाच जण टोपणनावानं वावरतात. सरळ माणसं असं करत नाहीत.

रविवार, ११ फेब्रुवारी
सहा नंबर ऐकली. पंधरा मिनिटांत डोकं दुखलं. गिटार माणसासारखी किंचाळते. चांगुणानं विचारलं, टेप बिघडला का? शंका रास्त वाटली. टेप घेऊन संतराम मेकॅनिककडे गेलो. त्यानं हेड पुसलं, कॅसेट लावली, डोळे मिटून ऐकली. म्हणाला, टेप बराबर हाये साहेब, गाणंच असं हाये. मग म्हणाला, आजचा दिस ठिऊन जा की कॅसेट.
काहून? टेप दुरुस्त करणाऱ्याला माझी कॅसेट कशाला पाहिजे? परत आणली.

शनिवार, २४ फेब्रुवारी
पाच आणि चार नंबर झाल्या. इंग्रजी निम्मी समजते, पण जेवढी समजते तेवढी गंभीर आहे. नोंदी:
(अ) दर दुसऱ्या ओळीत ‘बेबी’.
(आ) बायको सोडून गेली, असा उल्लेख तीन ठिकाणी.
(इ) बरीच गाणी सकाळी उठण्यापासून सुरू होतात आणि उठल्याबरोबर वाईट काहीतरी झालेलं असतं.
(ई) दारू.
धम्मानंद लिहितो, मी हे रोज ऐकतो. रोज! माणूस रोज तेच ऐकतो जे त्याच्यावर बेतलेलं असतं. सरळ सांगायची हिंमत नाही म्हणून भावाला कॅसेटी पाठवल्या.
निष्कर्ष (तात्पुरता): धम्मानंदनं तिकडं लग्न केलं आहे.

राणी आजही नांदेडला गेली. आता दर शनिवारी प्रॅक्टिकल असतं म्हणे. बी.ए. मराठीला कसलं प्रॅक्टिकल? ते प्रकरण नंतर घेऊ. एका वेळी एकच चौकशी.

रविवार, १८ मार्च
तीन नंबर. लांडग्याचा आवाज ऐकून शेजारच्यांचं लेकरू रडायला लागलं. राणीला डिक्शनरी घेऊन शेजारी बसवलं, शब्द लिहून काढायला सांगितले. ‘बेबी’ला तिनं अर्थ सांगितला: बाबा, तिकडं आवडत्या बाईला बेबी म्हणतात. मी म्हटलं, मोठ्या बाईला लेकरू कोण म्हणेल? ती तोंडावर ओढणी धरून आत पळाली. आत माय-लेकी कुजबुजत होत्या. मी गेलो तशा गप्प झाल्या. चांगुणाचे डोळे ओले होते. विचारलं तर म्हणाली, कांदा. विळी कोरडी होती.
घरात काहीतरी शिजतं आहे, आणि ते कांद्याचं नाही.
निष्कर्ष (सुधारित): लग्न झालं, मूल झालं, बायको सोडून गेली. घरातल्यांना माहीत आहे.

शनिवार, ७ एप्रिल
खुलासापत्र रजिस्टर पोस्टानं रवाना. एकूण सतरा मुद्दे. भाऊ असला तरी भाषा सौम्य केली नाही. काही मुद्दे इथं उतरवून ठेवतो.
मुद्दा ४: आपण सकाळी उठल्यावर नेमके काय घडते?
मुद्दा ९: सदर बेबी मुलगा की मुलगी? नाव काय ठेवले?
मुद्दा १३: सोडून गेलेली स्त्री ज्या रेल्वेने गेली ती कोठे जाते?
खुलासा सात दिवसांत. न आल्यास काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.
पत्र पाठवल्यावर फार हलकं वाटलं.

सोमवार, १६ एप्रिल
गोष्ट पूर्ण गोपनीय ठेवली आहे. ऑफिसात फक्त शिपाई देवलाला सांगितली, कारण रजिस्टरची पावती त्यानंच आणली होती. चहावाला तिथंच उभा होता, त्याला ऐकू गेलं असल्यास इलाज नाही. दोघांनाही बजावलं, बाहेर जाता कामा नये.
सात दिवस उलटून गेले. खुलासा नाही. म्हणजे कबूल.

बुधवार, ९ मे
दोन नंबर ऐकली. बाजा छान वाजवतो. त्यात बोलणं कमी असल्यामुळे पुरावा काही मिळाला नाही. दोनदा ऐकली. पुराव्यासाठीच.
एक नंबरची आता गरज वाटत नाही. प्रकरण सिद्ध आहे.

रविवार, २७ मे
धम्मानंद आला. कळवलं नव्हतं. म्हणजे मला कळवलं नव्हतं. चांगुणानं सकाळीच पुरण घातलं होतं आणि राणी नांदेड स्टेशनवर घ्यायला गेली होती.
दोन बॅगा. वाळला आहे. मी रस्त्याकडे बघत राहिलो. म्हणाला, दादा, मागं कुणी न्हाई.

जेवणानंतर सगळं बाहेर आलं. नोकरी मार्चमध्येच गेली. कंपनीनं एका दिवसात चाळीस जणांना काढलं. राणी त्याच्याही आधीपासून नांदेडला सायबर कॅफेत बसून त्याला ईमेल करत होती. हेच ते प्रॅक्टिकल. मी चांगुणाला विचारलं, मला काहून सांगितलं न्हाई? ती म्हणाली, तुमी लगेच फाइल उघडली असती. त्याला म्हटलं असतं, तूच कायतरी केलं असंल म्हणून काढलं.
मी म्हटलं, असं काही म्हटलं नसतं.
(नोंद: त्याआधी मी त्याला विचारलं होतं की चाळिसातले बाकीचे एकोणचाळीस खरंच होते का.)

दुसरी गोष्ट. शिरड शहापूरची निता खंदारे, शाळेत शिक्षिका आहे. ती आणि धम्मानंद कॉलेजपासून एकमेकांसाठी थांबलेले आहेत. तिच्या वडिलांशी बोलणं पुढल्या आठवड्यात ठरलं आहे. हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मी खुलासापत्राचं विचारलं. धम्मानंद म्हणाला, आलं तेव्हा तीन दिवस खोलीच्या बाहेर पडलो नव्हतो. कुणाशी बोललो नव्हतो. मुद्दा नऊ वाचला आणि इतका हसलो की खालच्या मजल्यावरची म्हातारी बघायला वर आली. त्याच दिवशी तिकीट काढलं.
पत्र पासपोर्टात ठेवलं आहे. दाखवलं.
मी म्हटलं, म्हणजे पत्राचा उपयोग झाला.
तो हो म्हणाला.

बुधवार, ३० मे
शिरड शहापूरहून निरोप. निताच्या वडिलांनी नकार दिला. मुलाची अमेरिकेत एक बायको आहे, लेकरू आहे, असं त्यांना पक्कं समजलं म्हणे.
धम्मानंद ओट्यावर जाऊन बसला. जेवला नाही. राणी रडली.
असली अफवा कोण पसरवतो? शोधून काढणार. माणूस सोडणार नाही.

गुरुवार, ३१ मे
चौकशी. जबाब पुढीलप्रमाणे.
खंदारेंच्या भाच्याला संतराम मेकॅनिकनं सांगितलं. संतराम म्हणतो, मला देवलानं सांगितलं. देवला म्हणतो, मला आदुगरच माहीत होतं पण चहावाल्यानं जास्त सांगितलं. चहावाल्याला दरडावून विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो पाणी ओतायचा थांबला. म्हणाला, तुमीच न्हाई का साहेब, हितंच उभं राहून. मी तुमाला इचारलं बी, पोरगं का पोरगी. तुमी म्हणले, खुलासा यायचा हाये.
चौकशी बंद.

रविवार, ३ जून
एकटाच शिरड शहापूरला गेलो. धम्मानंद नको म्हणत होता. टेप, सहा कॅसेटी, नवे सेल घेतले. ती बायको फक्त गाण्यात आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं.

निताचे वडील ग्यानबा खंदारे. निवृत्त हवालदार. मला खुर्ची दिली ती उजेडाकडे तोंड करून. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाजूच्या खुर्चीवर बसलो. ते म्हणाले, बोला. मी भाषण तयार केलं होतं ते विसरलो, आणि घाईत सहा नंबर लावली. अर्ध्या मिनिटात म्हणाले, बंद करा हे. हा तुमचा पुरावा?
मी म्हटलं, यात ती सोडून गेलेली बाई आहे.
म्हणजे बाई हाये, ते म्हणाले.


तेवढ्यात निता बाहेर आली. पाणी दिलं. कॅसेटी बघितल्या आणि म्हणाली, काका, सहापासून कुणी सुरुवात करतं का? एक नंबर लावा. धम्मानंदनं तिलाही ह्याच सहा पाठवल्या होत्या, माझ्या आधी. तिनंच लावली.
मी ती पहिल्यांदा ऐकली. माणूस घाई करत नाही. एक ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो, मग तिसरीत खरं सांगतो. मधे गिटार उत्तर देते, लांबून हाक आल्यासारखी.
ग्यानबा हवालदार छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, हा घर सोडून गेलेला माणूस दिसतो. काय म्हणून राहिला?
मी सांगितलं, जसं जमलं तसं. कापूस वेचणारा होता. शहरात गेला. तिथं त्याचं कुणी ऐकेना, म्हणून मोठा आवाज केला. सांगता सांगता मला माझा भाऊ शिकागोच्या खोलीत तीन दिवस न बोलता बसलेला दिसायला लागला. निता आत गेली.

हवालदारांनी टेप बंद केला. म्हणाले, लेकरू अन् बायको कुणी काढली मंग?
मी म्हटलं, मी.
लिहून देता?
दिलं. गाणी ऐकून, शहानिशा न करता, सदर बायको व मूल मीच कल्पिले. खाली सही, तारीख, हुद्दा.
त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, लगीन होईल. एक अट हाये. तुमी कशात पडायचं न्हाई.

रविवार, २४ जून
लग्न झालं. बुद्धवंदना वेळेवर. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. धम्मानंद हिंगोलीत कॉम्प्युटर क्लास काढणार आहे; जागा त्यानं बघितली, मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, छान.

माझ्याकडे कुठलंच काम नव्हतं. दोनदा मंडपात गेलो, दोनदा ग्यानबा हवालदारांनी नजरेनंच बसवलं. शेवटी राणीला दया आली. म्हणाली, बाबा, तुमी दाराजवळ चपला सांभाळा. ह्याला विश्वासाचा माणूस लागतो.
खुर्ची घेऊन बसलो. प्रत्येकाची चप्पल जोडीनं लावली. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवली. जेवणाची पंगत सोडली. संतराम आला, देवला आला, चहावालाही आला. तिघांच्या चपला वेगळ्या ओळीत ठेवल्या.
सगळा मांडव उठला. प्रत्येक जोड ज्याचा त्याला मिळाला. एकाचीही तक्रार नाही.
मग मी उठलो. माझी चप्पल नव्हती.
चिखलातून अनवाणी घरी आलो. चांगुणा दारात होती. तिनं पाय बघितले आणि तांब्यानं पाणी ओतलं. कुणी नेली असंल, हे तिनं विचारलं नाही. मीही नाही.