मुळांना वारं लागतं

आबा, तुमची नात मघाशी एकटीच घराबाहेर पडलीय आणि मी स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून, उभ्या उभ्या हे लिहितेय. खाली बसलं की काहीच दिसत नाही. उभं राहिलं की निदान खिडकीतून बोळ तरी दिसतो. हे पहिल्या पाळीला कंपनीत गेलेत, घरात दुसरं कुणी नाही. शेजारीपाजारी कुणाला सांगायची सोय नाही, कारण आधी ते मला धीर देतात आणि मग चार घरी जाऊन सांगून येतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही कुणाला सांगणार? म्हणून तुम्हालाच लिहायला घेतलं. मला भीती वाटतेय आबा.

तुम्ही गेलात तेव्हा ती एवढीशी होती, तुमची टोपी पळवून त्यात शेंगा भरायची. पुढं शिकली, पुण्याला नोकरीला लागली. मी पेठेत सगळ्यांना सांगत फिरत होते, माझी पोरगी अशी नि तशी. मागच्या पावसाळ्यात तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीचा फोन आला. पोरीनं जीव द्यायचं मनावर घेतलं होतं. मैत्रीण वेळेत पोचली म्हणून ती आज आहे. आम्ही तिला घरी घेऊन आलो. डॉक्टर चांगले आहेत, गोळ्या चालू आहेत. पण कितीतरी महिने ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची आणि मी तिच्या उशाशी बसलेली. न्हाणीघराची आतली कडी मीच काढून टाकली. चहा दे, सरबत दे, जेवलीस का, झोप लागली का, कसला विचार करतीस, असं माझं दिवसभर चालायचं. ती नुसती हुंकार द्यायची. डॉक्टर मला म्हणाले, आता जरा तिला एकटं राहू द्या. त्यांना काय जातंय म्हणायला? मी दाराबाहेर पाट टाकून बसायला लागले, तेवढाच फरक.

मग एक दिवस ती आपणहून म्हणाली, "आई, वर रंगाच्या रिकाम्या बादल्या हायत का गं?" इतक्या दिवसांतलं तिचं पहिलं सरळ वाक्य. मी धावत जाऊन बादल्या घासून काढल्या, तिनं त्यांच्या झाकणांना भोकं पाडली, भोकांत जाळीचे पेले बसवले, पेल्यात नारळाच्या शेंडीचा भुगा आणि त्यात रोपं. पालक, पुदिना आणि सॅलडात घालतात तो एक पाला. माती नाहीच. खाली बादलीत खतपाणी आणि मुळं त्यात लोंबत सोडलेली. बादल्यांना बाहेरून काळा कागद, म्हणजे उजेड आत जाऊन शेवाळ धरायला नको. उन्हं तापायला लागली तशी त्यांना ओलं गोणपाट गुंडाळायची, पाणी गरम झालं की त्यातला प्राणवायू कमी होतो म्हणायची. रोज सकाळी उठून आपली आपण गच्चीवर जायला लागली. ह्यांनी सॅलडाचं एक पान चघळलं आणि म्हणाले, "म्हसरं तरी खातील का न्हाई शंकाच हाय." तर ती हसली. म्हणजे ओठ हलले, पण मी ते हसण्यात धरलं. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या बादल्यांत अडकला. रोपं हिरवी आहेत तोवर पोरगी ठीक आहे, असं मी मनाशी धरून चालले होते. आणि रोपं गेली तर? ह्याच्यापुढं विचार करायची माझी छाती होत नव्हती.

तिनं मला एकदा झाकण उचलून दाखवलं होतं. वाढ होईल तसं रोप पाणी पितं, पाणी खाली जातं, आणि वरती जी मोकळी जागा राहते तिथली मुळं हवा घेतात. पांढरी, बारीक, लव असलेली. "खालची मुळं पाणी पितात, वरची श्वास घेतात," असं ती म्हणाली आणि मला एकदम कोडोलीचं आपलं रान डोळ्यांपुढं आलं. मी तुमची भाकरी घेऊन येतेय, आदल्या दिवशी मिरचीला पाणी पाजलेलं, आणि बांधावरून वळसा नको म्हणून मी सरळ वाफ्यातून चालत सुटलेय. तुम्ही तिकडून ओरडताय, "ए पोरी, भाईर हो आधी. वाफसा आलाय का बघितलंस? चिखूल तुडवून दाबून टाकतीस, मुळास्नी वारं कुठनं मिळायचं?" मी रडकुंडीला आलेली. मग तुम्ही जेवण बाजूला ठेवून मूठभर माती उचललीत, तिचा लाडू वळलात आणि बांधावर टाकलात. तो तसाच बसला. म्हणालात, अजून ओल जास्त आहे, फुटला असता म्हणजे वाफसा. ओल बी पायजे आणि वारं बी पायजे. हे सगळं खरं, पण आबा, एक बोलू? उसाला वीज आली की तुम्ही हे सगळं विसरायचात. मोटार चालू आहे तोवर पाजून घ्या, परत कधी मिळतंय कुणास ठाऊक, म्हणून सऱ्या तुडुंब भरायच्या आणि मग ऊस पिवळा पडला की खताच्या नावानं बोंब. आपली माणसं सगळी तशीच. पाणी दिसलं की भरून ठेवायचं.

मीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार नाही असा पुकारा करत रिक्षा गेली आणि पेठेतल्या बायांच्या अंगात आल्यासारखं झालं. हंडे, कळश्या, पातेली, पिंप, सगळं भरलं. अगदी चहाची किटलीसुद्धा. गच्चीवर गेले तर तिच्या बादल्या अर्ध्या रिकाम्या. तिनं एवढं दाखवलेलं, समजावलेलं, आणि तरी माझ्या हातानं पाण्याचा मग उचललाच. उद्या पाणी नाही, रोपं तहानेनं मरतील, पोरगी उठून बघेल, ह्यापलीकडं त्या क्षणाला मला काही सुचलं नाही. सगळ्या बादल्या गळ्यापर्यंत भरल्या. वर झाकणं नीट दाबून बसवली आणि बरं वाटून खाली आले.

पुढचे दिवस ढगाळ होते, रोपं जरा मलूल वाटली तर तिनं आभाळाला बोल लावला. आज सकाळी मी तिच्या आधी वर गेले तर पालक मान टाकून पडलेला. पाण्यात उभं राहून सुकलेला. मला आधी कळेना. झाकण उचललं तर घाण वास, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. बाजारातून तसलीच रोपं आणून तिला न कळता बदलून टाकावीत, इथपर्यंत माझी अक्कल धावली, आणि तेवढ्यात ती जिना चढून वर आली. तिनं एकेक झाकण उचललं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात जसं तोंड होतं तसंच आता परत होणार, आणि ते माझ्या हातानं होणार, असं वाटून मी कठड्याला धरून उभी राहिले.

ती ओरडली आबा. असली ओरडली की खालच्या बोळातली माणसं वर बघायला लागली. "तुला कुणी सांगितलतं भरायला? सांगितलं हुतं न्हवं, जागा सोडायची? तुला काय म्हणून रिकामं बघवत न्हाई?" पुण्याची सगळी भाषा गळून पडली, अस्सल पेठेतली पोरगी बोलत होती. मी रडायला लागले, आणि खरं सांगते, भीतीनं रडत होते का बरं वाटून, ते मलाही कळलं नाही. इतक्या महिन्यांत ती माझ्यावर एकदाही चिडली नव्हती. मी डोळे पुसत म्हटलं, तुझ्या आबांनी मला ह्यावरूनच झापलं होतं. वाफसा, मिरचीचा वाफा, मातीचा लाडू, सगळं सांगितलं. ती टाकीच्या कडेला बसून ऐकत राहिली. "म्हणजे तुला लहानपणापास्नं म्हाईत हाय आणि तरी तू भरलंस," म्हणाली. मी म्हटलं, व्हय. मग आम्ही दोघींनी मिळून पाणी ओतून दिलं, सडलेली मुळं कात्रीनं कापली, पांढरी तेवढी ठेवली. पालक गेलाच. पुदिना आणि सॅलडातली थोडी रोपं जगतील म्हणाली, पण आता त्यांना वरून हवा द्यायला पाहिजे, माशांच्या टाकीत बुडबुडे सोडतात तसला पंप आणायचा.

मी म्हटलं, हे संध्याकाळी आणतील. "मी जाते." मी म्हटलं, मग मी येते. "एकटी जाते आई. आणि मागनं फोन करत बसू नगंस." पायात चप्पल घालून ती गेलीसुद्धा. माशांचं दुकान रंकाळ्याच्या वाटेला आहे. कुठल्या रस्त्यानं जाणार, एवढं विचारायलासुद्धा माझं तोंड उघडलं नाही. तळ्याच्या कडेनं जायला तिला लहानपणापासून आवडतं. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय? खिडकीतून बोळात बघते तर तालमीतली पोरं, दूधवाला, कुणाची तरी गाडी. ती नाही. दुकान बंद असेल. गर्दी असेल. मी देवाला काय काय कबूल केलंय ते लिहीत नाही, हे ऐकतील तर हसतील. तिच्यामागं जावं असं हजारदा वाटलं. गेले नाही. मधेच हे लिहायचं थांबवून खालच्या काकूंकडं जाऊन आले, साखर मागायला म्हणून.

आली. आबा, आली ती. घामानं निथळत होती, हातात पिशवी. दुकानदारानं विचारलं म्हणे, "ताई, मासं किती हायत?" तर ही म्हणाली, "मासं न्हाईत, पुदिना हाय." तो बघतच बसला. सांगताना तिला हसू आवरेना. मी पाणी पुढं केलं, ती तांब्याला तोंड लावून घटाघटा प्यायली आणि मग एकदम म्हणाली, "फोन केलतास मला?" मी म्हटलं, मी कशाला करू? माझा फोन बघ की, हा इथं पडलाय. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, "बरं," म्हणाली आणि पंप घेऊन वर गेली. वरून तिची खुडबुड ऐकू येतेय. मी वर गेलेले नाही. हा कागद आता फाडून टाकते, तिच्या हाताला लागायला नको.

पण केलता आबा. खालच्या काकूंच्या फोनवरून. ती "हॅलो, कोण?" म्हणाली, मागं रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आणि मी काही न बोलता ठेवून दिला.