चाचांची करंगळी आणि माझं पेडल

चाचा, आधी माफ करा. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीतच हाय, आणि मोबाईलवर टाईप करायला मला लई वेळ लागतो, एकाच अंगठ्यानं करायलोय. वेलांटी कुठली द्यायची ते मोबाईलच ठरवतो. तुम्ही गेलात तेव्हा मी लहान होतो, आता मिसरूड आलंय. तरी तुम्हालाच लिहितोय, कारण बेंजोच्या पेडलबद्दल ज्याच्याशी बोलावं असं माणूस आपल्या गल्लीत दुसरं नाय, आणि त्या पेडलनं माझं डोकं पार फिरवलंय. तुम्ही म्हणाल, बेंजो को पेडल? सायकल है क्या वो? तुमच्या पंक्चरच्या दुकानात बसून मी हे सांगितलं असतं तर तुम्ही हातातली ट्यूब तशीच पाण्यात सोडून हसला असतात.

तुमच्या टायमाला पेडल लागलंच नाय. तुम्ही टेम्पोत मांडी घालून बसायचात, पुढं बेंजो, डावा हात बटणांवर, उजव्या हातात तार छेडायची नखी. आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण तुम्ही मुद्दाम डाव्या अंगाला, खालच्या कडेला बसवून घेतलं होतं. बाकीची बोटं सूर दाबत राहायची आणि करंगळी गुपचूप जाऊन बटण फिरवून परत यायची. मी टेम्पोत तुमच्या बाजूला बसून दुसरं काय बघतच नव्हतो. वरात दवाखान्यापाशी आली की करंगळी निघाली. अजान सुरू झाली की निघाली. बेंजो खाली आला की ढोलवाले आपोआप खाली येतात, आणि नाचणाऱ्यांना कळतसुद्धा नाय, ते हात वर करून तसेच पुढं सरकतात.

मला पहिल्यांदा वरातीत वाजवायला दिलंत तो दिवस आठवतो का? मी सहावीत असंन. तुम्ही बाजूला सरकलात, म्हणलात, "ले, अब तू." मी वाजवायलोय, सूर बरोबर पडायलेत. मंग एका वळणावर घराबाहेर खुर्च्या मांडलेल्या, बाया खाली बसलेल्या, दारात चपलांचा ढीग. मय्यत होती. तुम्ही कानाशी म्हणलात, "कम कर." मी घाबरलो आणि दोन्ही हात उचलले. सगळं एकदम बंद. नाचणारे बोंबलायले, नवरदेवाच्या मामानं शिवी दिली, आणि त्या दारातल्या सगळ्या माणसांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्या टाळक्यात एक हाणली आणि बेंजो ओढून घेतला.

घरी आल्यावर चाचींच्या चुलीपाशी मी तोंड पाडून बसलेलो. चाचींनी चहात बुडवायला खारी दिली, मी नुसती धरून बसलो. तुम्ही म्हणलात, "बंद कायकू किया बे? बंद तो लाईटवाले भी करते. बंद किया तो सब को मालूम पड्या ना. नाचनेवालों को भी, रोनेवालों को भी. कम करना था बेटा. थोडा रखने का. उनकू लगना, बारात गई." मंग फुटक्या बादलीच्या बुडाचा तुकडा कापून, घासून, तुम्ही मला नखी करून दिलीत. निळी. अजून माझ्यापाशी हाय. तिची एक कड झिजली तर मी दुसऱ्या कडेनं वाजवतो.

आता खरी भानगड सांगतो. मी नववीत शाळा सोडली आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस मशीनवर लागलो. तिथं डाव्या हाताची करंगळी गेली, बुडापासून नाय, पण गेली. आईनं लई रडून घेतलं. चाचींनी काय केलं माहीत हाय का? धान्याच्या कोठीवरून तुमचा बेंजो खाली काढला, चादरीसकट माझ्या मांडीवर ठेवला, आणि म्हणल्या, "घर में पडे पडे गूंगा हो गया ये. तू भी मत हो." मी तीन बोटांवर बसवलं सगळं. येतं मला. खोटं नाय सांगत, सूर तुमच्यासारखेच पडतात. अण्णांनी, म्हणजे बेंजो पार्टीच्या मालकांनी, ऐकून लगेच घेतलं. फक्त ते गोल बटण. करंगळी नाय तर बटण कोण फिरवणार? अंगठ्यानं करून बघितलं, पण अंगठा तिकडं गेला की सगळा हात उचलतो आणि सूर सुटतो. मिक्सरवाला मागच्या गाडीत बसतो, त्याला हाक ऐकू जात नाय, आणि मला लाजेपायी चारचौघांत हाक मारताच येत नाय, ते तुम्हाला माहीत हाय.

मागच्या लग्नसराईत तसंच घर आलं. खुर्च्या, चपला, मला लांबूनच कळलं. काय करू, काय करू, करत उजवा हात तारेवरून काढला आणि बटण धरायला गेलो. गाणं तुटलं. परत बंद! नाचणारे टेम्पोवर थापा मारायले, गाडी तिथंच अडकली, बरोबर दारासमोर. एक म्हातारे बाबा बाहेर आले. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणले, "पोरा, वाजवायचं तर वाजवत जा निघून. असं दारात येऊन थांबू नको." मी मान खाली घालून वायरी बघत बसलो. अण्णा नंतर म्हणले, "तुला लाजायचा पगार देतो का मी? बोट नाय तर पाय लाव. बिडकीनच्या वरातीपर्यंत कायतरी जुगाड कर, नायतर कीबोर्डवाला सांगून ठेवलाय मी." कीबोर्डवाला आला की मी घरी आणि तुमचा बेंजो परत कोठीवर.

तेव्हापासून पेडल शोधायला लागलो, आणि चाचा, डोक्याला नुसता ताप. पैठण गेटकडं वाद्यांचं दुकान हाय, त्याच्या बाहेरून चकरा मारल्या, आत काय बोलायचं ते पाठ केलं. आत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, "किस के लिए?" म्हणलं, बेंजो. तो आत ओरडला, "भाई, बारातवाला बेंजो है, उसकू पेडल होना बोलरा!" आतून कुणीतरी हसलं. त्यानं एक काळं ठोकळ्यासारखं दिलं. ते दाबलं की कीबोर्डचा सूर लांबतो, कमी होत नाय. मी मान हलवून बाहेर आलो. मंग ऑनलाईन मागवलं, वर लिहिलेलं आवाजाचं पेडल, प्लास्टिकचं, मला परवडंल असं. जोडलं तर बेंजो मुकाच. दिवसभर वायरी उलट्यासुलट्या केल्या. मंग कळलं की त्याच्यातून आवाज जातच नाय, ते नुसतं कीबोर्डला हुकूम देतं. बेंजोला दोन भोकांचं पाहिजे, एकातून वायर आत, दुसऱ्यातून बाहेर, आवाज त्याच्या पोटातून जायला पाहिजे. हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला यांना काय होतं? ते परत केलं, दुसरं आणलं. त्यातून आवाज आला, पण गोधडी पांघरून आल्यासारखा. ते पण कीबोर्डसाठीचं निघालं, आपल्या बेंजोत तारेखाली जो पिकअप बसवलेला असतो, त्याचा बारीक आवाज ते खाऊन टाकतं. गिटारचं घ्यायला पाहिजे होतं.

आणि ते व्हिडिओवाले! सगळे गालिच्यावर बसलेले, पायात पांढरे मोजे, मागं निळी लाईट. कुणी टेम्पोत ठेवून दाखवतो का? गचका बसला की पेडल सरकतं का, धूळ गेली की खरखरतं का, पाय दाबला की आतलं बटण फिरवणारा दोरा तुटला तर रस्त्यात काय करायचं, एक जण सांगत नाय. स्वस्त म्हणून जे दाखवतात ते हलकं, पाय ठेवला की पळतं. जे जागचं हलत नाय ते लोखंडी, त्याचा भाव बघून मी मोबाईलच खिशात घालायचो. वर मांडी घालून पाय चालत नाय! तुमची बैठकच मोडावी लागली. रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्याच्यावर बसायची सवय केली, कमर गेली माझी.

शेवटी जुनं विकायचं असतं त्या ॲपवर छावणीतला एक गिटारवाला दादा भेटला. तो रविवारी चर्चमध्ये वाजवतो. लोखंडी पेडल, आणि इतकं स्वस्त की मला वाटलं चोरीचं हाय. चाचींच्या चादरीत बेंजो बांधून घेऊन गेलो. दादा ओट्यावर बसवून म्हणला, "भाऊ, आधीच सांगतो, खराब आहे. टाच पूर्ण दाबली तरी आवाज बंद होत नाही, थोडा राहतोच. मला मध्येच गिटार बदलावी लागते, तेव्हा आवाज पूर्ण बंद लागतो, म्हणून कटकट होते." मी जोडलं. पुढं पाय दाबला, आवाज वर. टाच दाबली, आवाज खाली आला, आणखी खाली आला, पलीकडच्या गल्लीतून यावा तेवढा झाला आणि तिथंच थांबला. मी परत दाबलं. परत दाबलं. दादा म्हणला, "बघ, सांगितलं ना? आतला एक पार्ट बदल, होईल बंद." मी म्हणलं, "नको!" इतक्या जोरात म्हणलं की त्याचं कुत्रं उठलं. मला त्याला तुमचं सगळं सांगायचं होतं, लाईटवाल्यांचं, थोडा रखने का, सगळं. पण तोंडातून निघालं, "चालंल." एवढंच. मला माझाच राग येतो अशा टायमाला.

घरी चाचींनी तुमच्या दुकानातल्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढून दिला. तो मी सोल्युशननं पेडलच्या बुडाला चिकटवला. आता टेम्पो कितीबी गचका खाऊ दे, जागचं हलत नाय.

काल बिडकीनची वरात झाली. पेठेतून वळलो आणि एका घरासमोर खुर्च्या. चपला. मी टाच दाबली. बेंजो खाली गेला, ढोल खाली गेला, पोरं हात वर करून तशीच पुढं सरकली. दारातल्या एका बाईनं सुद्धा मान वर केली नाय. घर मागं पडलं, मी पाय पुढं दाबला. अण्णा त्या टायमाला मागं जनरेटरच्या डिझेलवरून नवरीच्या काकाशी भांडत होते. परत येताना मला म्हणले, "काय रे, ते खुर्च्यांचं घर लागलं होतं ना? तिथं काय झालं?" म्हणलं, काय नाय. म्हणले, "मंग ठीक. परवा शेंद्र्याला जायचंय, लवकर ये." झालं. एवढंच! इतका ताप, इतक्या चकरा, आणि काय नाय झालं. पण काय नाय होऊ दिलं ते मीच ना, चाचा? हे कुणाला सांगू? आई म्हणती, जेव. चाचींना सांगितलं तर त्या डोळे पुसतात आणि विषय बदलतात. तुम्ही एक "हौ" म्हणला असतात तरी पुरलं असतं.

हे कुठं पाठवणार मी. मोबाईलमध्येच राहील. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाय. टाच दाबली ना, त्याच टायमाला डाव्या हाताचं ते उरलेलं टोक बटणाकडं गेलं. दर वेळेला जातं. वाटलं होतं, पेडल आलं की बंद होईल. नाय झालं.

थांबा, चाची भिंतीवरून ओरडायल्यात, "अरे, नल आ गए, नल! मोटर लगा!" पाणी आलंय चाचा, आणि आज प्रेशर पण हाय.