घंटेवालीची धार

११ जुलै
पुन्हा तेच. चीज जमलंच नाही, दाबलं तर भिजल्या पावासारखं. स्तानोय्का आजीने पातेलं माझ्यापुढे आदळलं. "बंदरातली घाण माझ्या डोंगरावर आणलीस. कुठे कुठे फिरलेत तुझे हात, देव जाणे." हात मी साबणाने धुतो. ती बघायला येते कुठे? गुडघ्यांमुळे झोपडीतच. कान मात्र शाबूत – धारेला आधी घंटेवाली गाय. तिची घंटा पहिली वाजली नाही की आतून शिव्या.

१४ जुलै
जनावरांची डॉक्टर वर आली होती, लशी टोचायला. बूट काय झकास तिचे! असे बूट असते तर मी हिवाळ्याआधीच पलीकडच्या खोऱ्यात गेलो असतो. असो. तिला चीजचं सांगितलं. तिने चार वाट्यांची थाळी काढली. चार सडांचं दूध चार वाट्यांत, वर जांभळं औषध. आठ गाई तपासल्या. झेकुल्याच्या मागच्या डाव्या सडाचं दूध शेंबडासारखं लोंबलं. आणखी दोघींचं जरासं घट्ट.

झेकुल्या म्हणजेच घंटेवाली. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, चरते तर राक्षसासारखी.

डॉक्टर म्हणाली, "आजार आत लपलाय. दिसत नाही, पण दूध नासवतो. आणि हे काय, एकाच ओल्या फडक्याने सगळ्यांच्या कासा पुसतोस? हिची घाण तूच वाटतोयस. हिला शेवटी पिळ. औषध सुरू केलं की तितके दिवस हिचं दूध फेकावं लागेल."

फडका आजीनेच हातात दिलेला.

आजीला सांगितलं. "घंटा माझ्या नवऱ्याने बांधलीय. तिला शेवटी? आणि औषधासाठी तिचं दूध ओतून देऊ? स्वतःचे हात झाकायला मुक्या जनावराचं नाव घेतोस, विदाक?"

१५ जुलै
घंटा दुसऱ्या गाईच्या, रुमेन्काच्या गळ्यात बांधली. ती निरोगी. तिला आधी पिळली. आतून चकार शब्द नाही. माझा एक शर्ट फाडून आठ फडके केले. झेकुल्या शेवटी, तिचं दूध डुकराला. तिने माझ्या खांद्याला डोकं घासलं. लबाड.

१८ जुलै
पाऊस. शर्ट एकच उरलाय.

२१ जुलै
चीज घट्ट! सुरी घातली तर कड सरळ. आजी हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "बघ. आठवडाभर तुला कढईजवळ फिरकू दिलं नाही. हातच होते तुझे."

तोंड उघडलं होतं मी. पण घंटेचं सांगितलं तर काठी उचलेल.

"उद्या माझा भाचा येतोय, वुक्सान. तू खाली जा." मक्याच्या पिठाचा काचामाक वाढला, तोही थंडगार.

२२ जुलै
आठही फडके चुलीत टाकले. घंटा परत झेकुल्याच्या गळ्यात. उतारावर वुक्सान भेटला. "काही ध्यानात ठेवायचं का रे?"

म्हटलं, "घंटेवालीला आधी पिळ."