माझ्या कानांचे मालक

चि. टिल्लूस,

मामाचे आशीर्वाद. (ते अजून तुझ्या परवानगीशिवाय पाठवता येतात, म्हणून पाठवतो.) तुझी पाठ कशी आहे? ताईचे गुडघे? इकडे तुझ्या मामीची तब्येत उत्तम, माझीही बरी, फक्त डोकं ठिकाणावर नाही. ते का नाही हे सांगायलाच हे पत्र हातानं लिहितो आहे. पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

तू कानाची मशीनं आणलीस आणि सोबत तो टॅबलेट आणलास, तेव्हा मी गल्लीभर तुझं कौतुक सांगत फिरलो, हे आधी कबूल करतो. चार मोठी बटणं, त्यातलं एक 'कान'. ते दाबायचं, घर, रस्ता, गर्दी यातलं हवं ते निवडायचं, की मशीन तसं ऐकवतं. पण मला बिचाऱ्याला त्रास नको म्हणून तू टॅबलेट स्वतःच्या नावावर चढवलास आणि वर 'ज्येष्ठ सुरक्षा' नावाचं कुलूप घातलंस, हे सांगायला विसरलास. (विसरलास असं ताईच्या भिडेखातर लिहितो.) मशीन पहिल्यापासून 'घर'वर होतं, ते बदलायची वेळच आली नाही, म्हणून मलाही कळलं नाही.

मागच्या शुक्रवारी बाइंडिंगच्या कारखान्यात माझा निरोपसमारंभ होता. एकोणचाळीस वर्षं मी तिथे पुस्तकांच्या छापील, घडी घातलेल्या पानांचे फर्मे जुळवले, शिवले, पुठ्ठे चढवले. कटिंग मशीन बंद करून तिच्यावर चादर टाकली होती (ती दिवसा बंद झालेली मी दुसऱ्यांदाच पाहिली), माणसं कागदाच्या गठ्ठ्यांवर बसली होती आणि मला मधोमध फोरमनच्या खुर्चीत बसवलं होतं. आदल्या दिवशी त्या टॅबलेटनं कुणाला न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि जाता जाता माझे कान 'गर्दी'वर टाकले होते. गर्दीवर म्हणजे आजूबाजूची बडबड कापायची. त्या शहाण्यानं सगळ्यांची भाषणं बडबडीत जमा केली. मला ऐकू येत होता फक्त छताचा पंखा. तो मात्र असा सुरेख, की त्याला शेवटचं तेल कधी घातलं तेही सांगितलं असतं.

मी मांडीवर टॅबलेट घेऊन 'घर' दाबलं. उत्तर आलं, हा बदल करण्यासाठी तुमच्या पालकांकडे विनंती पाठवली आहे. पालक! मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, टिल्लू. तुला शर्टाची बटणं लावायला मी शिकवलं, आणि सहा महिने तू ती चुकीच्या काजात घालत होतास. मी पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तर म्हणे वारंवार विनंती केल्यामुळे अर्धा तास थांबा.

तेवढ्यात शिवणबाई बोलायला उठल्या. बावीस वर्षं त्या माझ्या शेजारच्या टेबलावर फर्मे शिवतात, म्हणून सगळे त्यांना शिवणबाईच म्हणतात. चार माणसांत त्या कधी तोंड उघडत नाहीत, आणि उघडलंच तर हटकून एकच किस्सा सांगतात, मी एकदा स्वयंपाकाच्या पुस्तकात गणिताचा फर्मा शिवून टाकला होता तो. त्यांचे ओठ हलले, हात शिवल्यासारखा हवेत फिरला, मी ओळखलं, आला किस्सा. आणि मी हसलो. साधासुधा नाही, मांडीवर थाप मारून, मान मागे टाकून. दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, यांना विनोद कळलेला दिसत नाही, म्हणून आणखी हसलो.

नंतर फोरमननं कागदावर लिहून दाखवलं. बाईंचा नवरा गेला त्या महिन्यात मी माझं काम उरकून त्यांच्या वाटणीचे फर्मे शिवत होतो आणि कुणाला कळू दिलं नव्हतं, हे त्या सांगत होत्या. (मला वाटायचं, त्यांनाही कळलेलं नाही.) आणि मी मांडी बडवून हसलो, टिल्लू! तुझी परवानगी साडेसहाला आली, उंचावलेल्या अंगठ्याच्या चित्रासकट. तेव्हा तिथे झाडूवाला तेवढा उरला होता. त्याचा झाडू मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबलेट घेऊन दुरुस्ती केंद्रात गेलो. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, मालकांना घेऊन या." म्हटलं, मशीन माझ्या कानात आहे, मालक कोण? तिनं पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर तू, गॉगल लावलेला. हे माझ्या कानांचे मालक! अरे, मी जन्मभर पुस्तकं बांधली, घट्ट बांधली, पण वाचणाऱ्यानं कुठलं पान उघडावं हे मी कधी ठरवलं नाही. आणि कुणाला माझी शिवण नको असेल तर दोरा कापून त्यानं ती खुशाल पुन्हा शिवावी, पुस्तक त्याचं आहे. तू म्हणशील, मामा, काळजीपोटी केलं. काळजी होती तर आधी विचारायचं होतंस!

तिथून तडक कारखान्यात गेलो. शिवणबाईंची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं, सुई बाजूला ठेवली आणि कालचं सगळं भाषण पहिल्यापासून पुन्हा केलं, कटिंग मशीनच्या वर आवाज चढवून, सगळ्यांच्या देखत. संपल्यावर म्हणाल्या, "आता हसा." मला कुठलं हसू येतंय? मग त्याच पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, इतक्या की शेवटी त्यांना पाणी द्यावं लागलं.

म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. आठ दिवसांत तो टॅबलेट माझ्या नावावर कर, कुलूप काढ, नाहीतर दोन्ही मशीनं पोस्टानं तुझ्याकडे येतील, आणि त्यानंतर जन्मभर माझ्याशी ओरडून बोलावं लागेल.

तुझा पाल्य,
मामा

ता. क. नावावर करणं वगैरे सवडीनं कर. घाईचं काम वेगळंच आहे. त्या मुलीनं निघताना सांगितलं की आवाज कमी-जास्त करायला तुझी परवानगी लागत नाही, पण केल्याची तारीख-वेळ तुझ्या फोनवर नोंदली जाते. रोज संध्याकाळी सात ते आठ मी आवाज शून्यावर नेतो. मामी सातला फिरून घरी येते. येत्या रविवारी ती तुमच्याकडे राहायला येणार आहे. त्याआधी तेवढी नोंद पुसून टाक, एवढा माझा जीव वाचव.

ता. क. दुसरा (मामीकडून). यांना तुझा नवा पत्ता सापडेना, म्हणून पाकीट माझ्याकडे आलं. नोंद पुसायचे कष्ट घेऊ नकोस. सातला हे ऐकत नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणून कामाचं सगळं मी सकाळीच सांगते. संध्याकाळी तासभर मी यांच्याविषयी मनात असेल ते यांच्या तोंडावर बोलून घेते, मला फार बरं वाटतं. तेव्हा बाकीचं कुलूप काढ, पण सात ते आठ आवाज वाढणार नाही एवढं बघ.